अडतीस सेकंदांची मुभा

विमानतळ आणि वस्ती यांत आधी कोण आलं, हा वाद अजून मिटलेला नाही. विमानतळाच्या मते विमानतळ आधी. वस्तीचं म्हणणं, आधी कोणीही येवो, कानठळ्या आमच्या बसतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत दर दहा मिनिटांनी एक विमान गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना जवळजवळ चाटून जाई. कपाटातल्या बश्या थरथरत, खिडक्या वाजत आणि माणसं बोलायची थांबत.

या थांबण्याचीही एक रीत होती. विमानाची चाहूल ज्याला आधी लागेल त्याने तर्जनी वर करायची. मग सगळ्यांनी जागच्या जागी गप्प. विमान गेलं की बोट खाली, आणि ज्याचं बोट वर होतं त्यानेच आधी बोलायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळे तो पाळत.

बोट वर आणि खाली यांत अडतीस सेकंद जातात, हा शोध वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांचा. तागडीला हळूच बोट लावणारा दुकानदार त्यांनी आयुष्यभर शंभर पावलांवरून ओळखला होता. अशा माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काहीतरी हवंच. ते ध्वनित्रास निवारण समितीचे सेक्रेटरी झाले आणि दर विमानामागे एक तक्रार या दराने त्यांनी अकरा वर्षं तक्रारी केल्या. वेळ, दिशा, शेपटीचा रंग, तीन प्रती. तिसरी प्रत घरी, मागच्या खोलीत. पहिल्या वर्षी फायली टेबलावर मावत होत्या. अकराव्या वर्षी खोलीत शिरायला निरीक्षकांना आडवं व्हावं लागे.

या मागच्या खोलीबद्दल त्यांच्या पत्नीला एक गोष्ट विचारायची होती. तिची थोरली बहीण एकटी पडली होती. गुडघे गेलेले, स्वतःच्या घरचे दोन जिने तिला चढवत नव्हते. रोज संध्याकाळी चहा पुढे ठेवून पत्नी सुरुवात करी.

"अहो, ताईचं काही खरं नाही आता. मी म्हणते, आपली मागची खोली तिला..."

निरीक्षकांचं बोट वर जाई. अडतीस सेकंदांनी ते खाली येई आणि नियमाप्रमाणे तेच आधी बोलत.

"हां, तर दूधवाला उद्या येणार नाही म्हणाला."

विमानांचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं आणि चहाची वेळ त्यांनीच ठरवली होती. पुढेपुढे तर आवाज यायच्या आधीच बोट वर होऊ लागलं. निरीक्षकांचे कान फार तिखट, असा वस्तीत त्यांचा लौकिक झाला. आपण हे का करतो, असं त्यांचं मनही कधीमधी विचारायला लागे. तिथेही ते बोट वर करत.

तक्रारींना उत्तरं येत होती, नाही असं नाही. पहिल्या उत्तरात लिहिलं होतं: 'आवाज आपणांस घरात ऐकू येतो, याअर्थी आवाज घरातील आहे. घरातील आवाज या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत.' मग यंत्र घेऊन एक पथक आलं. त्यांच्या अहवालात नमूद होतं की विमानांच्या गोंगाटामुळे मोजमाप करणं शक्य झालं नाही. दुसरं पथक वैमानिकांचा संप असताना दुपारी आलं आणि वस्ती वाचनालयाहून शांत असल्याचा दाखला देऊन गेलं.

अकराव्या वर्षी मात्र नवल घडलं. तक्रार कक्षाच्या दोन खोल्या निरीक्षकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रतींनी गच्च भरल्या. तिसरी खोली म्हणजे साहेबांची केबिन. साहेबांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी विमानांचा मार्ग बदलला.

वस्तीने निरीक्षकांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. चौकात सभा झाली. भाषणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू आली, त्यामुळे निम्मी माणसं उठून गेली. संध्याकाळपर्यंत तीन घरांत भांडणं लागली. शिवणकाम करणाऱ्या बाईंना शेजारीण आपल्याबद्दल काय बोलते ते भिंतीतून स्वच्छ कळलं. दातांच्या डॉक्टरांचे दोन पेशंट बाकड्यावरूनच घरी गेले, कारण आतला पेशंट ऐकू येत होता.

निरीक्षकांच्या घरी चहा आला.

"अहो, ताईला मागची खोली देऊ या का?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा वाक्य पुरं झालं. निरीक्षकांचं बोट आपसूक वर गेलं. पत्नीने वर पाहिलं. आभाळात एक घार फिरत होती. पत्नी शांतपणे थांबली. अडतीस सेकंद झाले, चाळीस झाले, चहावर साय आली.

"विमान नाहीये," ती म्हणाली.

"सवय, गं."

"खोलीचं विचारत होते मी."

"तिथे फायली आहेत."

"विमानं गेली ना आता? मग फायली कशाला?"

"पुरावा आहे तो."

"कशाचा?"

"विमानं होती याचा."

"तिला दोन जिने उतरवत नाहीत हो. एक कॉट आणि एक खुर्ची, एवढंच तर मागतेय मी."

निरीक्षकांनी बशीकडे पाहिलं. बशी थरथरायला तयार नव्हती. "जमायचं नाही," ते म्हणाले. एवढे दोन शब्द टाळायला त्यांनी अकरा वर्षं सबंध विमानवाहतूक कामाला लावली होती.

पत्नीने कप उचलले आणि ती आत गेली. त्यानंतर घरात शांतता झाली. चौथ्या दिवशी ती शांतता निरीक्षकांना सोसेना. जेवताना त्यांना स्वतःचं चावणं ऐकू येई, आणि स्वतःची लाजही वाटे. लाजेवर उपाय म्हणून त्यांनी अर्ज लिहिला, तीन प्रतींत: 'विमानांचा मार्ग पूर्ववत करण्याबाबत.'

तक्रार कक्षाला दुहेरी काचा होत्या. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. कारकुनाने अर्ज वाचला आणि त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"तुमच्या वस्तीचे दोनशे अकरा आधीच आलेत, काका. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

"दोनशे अकरा? मार्ग बदला म्हणून समितीने घेतलेल्या सह्या तर दोनशे बाराच होत्या!"

"हो ना. सगळे विमानं परत मागतायत. चुकून कोणाचा डबल नको, म्हणून एकदा बघून घ्या."

निरीक्षक गठ्ठा चाळू लागले. दातांचे डॉक्टर होते. शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, शेजारीणही होती. तळाशी, म्हणजे सगळ्यांत आधी आलेला, ओळखीच्या अक्षरातला एक अर्ज होता.

'महोदय, अकरा वर्षं मी माझ्या पतींना एक गोष्ट विचारत होते. विमानांमुळे यांना ऐकू जात नाही असा माझा समज होता आणि त्या समजावर माझं बरं चाललं होतं. मार्ग बदलल्यानंतर यांना ऐकू येतं असं आढळून आलं. तरी विमानं पूर्ववत करावीत, ही विनंती.'

निरीक्षकांनी तो दोनदा वाचला. डोळे भरून आले, ते त्यांनी चष्म्यावर ढकललं आणि चष्मा पुसला.

"मग, तुमचा अर्ज दाखल करून घेऊ," कारकुनाने विचारलं, "की घरी घेऊन जाताय?"

निरीक्षकांचं बोट वर गेलं.

कारकुनाने छताकडे पाहिलं. छतावर एक बंद पंखा होता. तागडीला बोट लावणारे दुकानदार पकडले गेले की निदान बोट मागे घेत. निरीक्षकांचं बोट वरच राहिलं. अडतीस सेकंदांनंतर कारकुनाने सुस्कारा सोडला, अर्जावर शिक्का मारला आणि तो शेजारच्या, कमरेएवढ्या उंच गठ्ठ्यावर ठेवला.

"हा कुठला गठ्ठा?" निरीक्षकांनी विचारलं. नियमाप्रमाणे तेच आधी बोलले.

"ज्यांच्या घरावरून आजवर एकही विमान गेलं नाही, अशा वस्त्यांचा. त्यांनाही हवंय. तुमच्यावरूनही आता विमान जात नाही, म्हणून तुमचा अर्जही याच रांगेत. रांग मोठी आहे, काका, नंबर लागायला वेळ लागेल."

इथवर निरीक्षकांना हसत आलेल्या वाचकांनी एकदा तो गठ्ठा जाऊन पाहावा. खुद्द वाचकांच्या गल्लीचे अर्ज त्यात आहेत. एकावरचं अक्षर तर त्यांना रोज घरच्या वाणसामानाच्या यादीत दिसतं.