भाविकाबाई तरे यांनी तिसावी वही सर केली त्याची हकीकत

श्री एकवीरा आई प्रसन्न. सुज्ञ वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे, भिवंडी प्रांती आहारशास्त्राचे रणी जो थोर प्रसंग गुदरला, त्याचे वर्तमान लोकांत नाना प्रकारे बोलिले जाते, सबब खरे ते लिहिले असे.

निजामपुऱ्यातील एका इस्पितळी भाविकाबाई तरे, काल्हेरकर, सात वर्षे आहारतज्ज्ञ म्हणोन चाकरीस होत्या. लूमवरील कारागिरांस पथ्यपाणी सांगता सांगता उमर पस्तिशीस आली, आणि वरिष्ठ बाई दोन वर्षांनी निवृत्त होणार ऐसी खबर आली, मग कचेरीतून फर्मान सुटले की पदव्युत्तर पदवीवाचून मुख्य आहारतज्ज्ञाचे खुर्चीवर कोणी बसू नये. बाईंनी शनिवार-रविवारचे वर्गांत नाव दाखल केले, आणि पाच दिवस ड्युटी, दोन दिवस विद्या, ऐसी दुहेरी मोहीम चालविली.

शेवटी प्रबंध उरला. तीस मधुमेही असामींनी तीन महिने जे खातील ते वहीत लिहावे, आणि बाईंनी पथ्याचा गुण सिद्ध करावा, ऐसी तजवीज. एकोणतीस वह्या दाखल जाहल्या. तिसावी खासा सासरे केसरीनाथ तरे यांची. तीत नित्य दोन भाकरी आणि शेपूची भाजी, याखेरीज अक्षर नाही, आणि रक्तातील साखर तो दुपटीवर.

मग माघमासी धाकटे दीर हितेश यांची हळद आली. मांडवात वडे आणि मटण यांची गर्दी उसळली, आणि बाईंनी सासऱ्यांचे पिछाडीस मोर्चा धरून सात वडे मोजिले. दुसरे दिवशी वही उघडिली तो भाकरी दोन, शेपू.

बाईंनी पुसले, "बाबा, हे खोटं का लिहिलंत?"

केसरीनाथ बोलिले, "वडं लिवलं त तुजे मार्क कमी परतील ना, पोरी. म्हनून न्हाय लिवलं."

बाई रागे भरावयास आल्या होत्या, ते राहून गेले. तेच क्षणी काळजात धसका बैसला की बाकी एकोणतीस वह्यांत ऐसी माया किती जणांनी केली असेल. प्रबंधास वीस दिवस उरले. गप्प राहावे तो पदवी हाती, पुसावे तो सारी मेहनत मातीस. बाईंनी एक रात्र विचार केला आणि पुसावयाचे ठरविले.

मग रिक्षा करून निजामपुरा, पूर्णा, काल्हेर हा मुलूख धुंडिला, आणि कोणी रागावणार नाही ऐसा कौल देऊन घरोघर खरी जबानी घेतली. अठरा असामी कबूल जाहल्या. पूर्णा गावच्या गोदूबाई जिलबीचा कबुलीजबाब देऊन म्हणाल्या, "म्याडम, तुमचा चेहरा उतरतो, मंग लिवाचा धीर होत न्हाय."

बाईंनी ते वाक्य जैसे होते तैसे प्रबंधात घातले, आणि जुने अनुमान मोडून नवे मांडिले की रोगी भयाने लपवितो, मायेनेही लपवितो, सबब आहारतज्ज्ञाने आधी ऐकावे, मग सांगावे. परीक्षकांनी हुज्जत घातली की खोट्या वह्यांवर प्रबंध कैसा उभा राहतो. बाईंनी अर्ज केला की वह्या खोट्या का, हाच आता प्रबंध असे. मसलत होऊन मान्य जाहले.

ज्येष्ठमासी पदवी आणि खुर्ची, उभय प्राप्त जाहली. पदवी एक, जागा एक, खऱ्या जबान्या अठरा, ऐसी फत्ते दप्तरी नोंदिली असे. लिहिणाराने स्वतः काय खाल्ले हे कोणी पुसले नाही, सबब लिहिले नाही.