राजवाड्याचं शीड

झाडीपट्टीत नाटकाचे पडदे बांधणारे पुष्कळ आहेत, पण पडदा बांधून तलाव पार करणारा एकच. तो मी, अश्वजित!

त्या रात्री नाटक तलावापलीकडच्या गावात होतं. बाकी सामान आधीच पोहोचलेलं. मागे राहिला होता राजवाड्याचा नवा पडदा, आणि वाटेतला पूल खचल्यामुळे आमची गाडी अलीकडेच अडली. कंपनीचे मालक गुणवंतराव कपाळाला हात लावून बसले. पडद्याचा रंग कच्चा, पाणी लागलं की राजवाडा वाहून जाणार. आणि राजवाड्याशिवाय राजा उभा कुठे राहणार?

"डोंग्यानं नेतो," काठावरच्या अरुंद होडीकडे बोट दाखवत मी म्हणालो.

"डोंगा पलटते. पडदा भिजला तं आजचं नाटक गेलं, कंपनीचं नाव गेलं."

"एक पलटते, भाऊ. दोन जोडले तं नाई पलटत."

मग मी त्यांना कॅटमरान समजावली. मोबाईलवर मी या विषयाचं इतकं पाहतो की माझी बायको नंदिनी मला कप्तान म्हणते. दोन अरुंद होड्या, मध्ये अंतर, वर आडवे वासे. एकूण रुंदी मोठी म्हणून कलत नाही, अंग बारीक म्हणून पाणी कापत जाते, आणि फार बुडत नाही म्हणून उथळातही चालते. पूर्वी बेटांवरचे लोक हिच्यावर समुद्र ओलांडायचे, तेही खिळा न मारता, नुसत्या दोराने बांधून. दोर बांधणं तर माझा धंदाच.

मासे धरणाऱ्या डोमाभाऊंचे दोन डोंगे घेतले, वर बांबू आवळले. पडदा आडवा ठेवला तर खालून शिंतोडे उडतील, म्हणून बांबूवर उभा ताणला. आपोआप शीड झालं.

डोमाभाऊ वल्हं घेऊन बसले, गुणवंतराव चहा घेऊन. वारा राजवाड्यात भरला आणि आम्ही सुटलो. बांधावरची मोटरसायकल मागे पडली! गुणवंतरावांच्या हातातला चहा जरासुद्धा हिंदकळला नाही.

"तू तं बाप माणूस निघाला," ते म्हणाले.

घाटावर गावकरी गुलाल घेऊन उभे होते. डोमाभाऊंनी वळायला वल्हं मारलं. एकटा डोंगा एका वल्ह्यात फिरतो. इथे एक वळायला निघाला की दुसरा त्याला साडूसारखा धरून ठेवायचा. घाट बाजूने निघून गेला, गुलालासकट.

"पडदा खाली घे ना, थांबन," गुणवंतराव म्हणाले.

"पाण्यात पडन, भाऊ."

"मंग नोको घेऊ."

"मंग थांबत नाई."

गुणवंतरावांनी चहा संपवला आणि डोळे मिटले.

तलावाच्या टोकाला, दुसऱ्याच गावाच्या शिंगाड्याच्या वेलांत आम्ही रुतलो. वारा तोंडावर, त्यामुळे परत येणं अशक्य. दोर भिजून असे आवळले होते की माझ्याच गाठी मला सुटेनात, आणि कापावं तर पडद्याच्या कडा फाटणार. काठावर सारं गाव जमलं.

"काऊन जी, नाटक इथी हाये काय?"

"नाई," गुणवंतराव म्हणाले, "पण हे उचलून तिथी न्याल तं साऱ्याईले फुकट दाखवतो."

रात्री पडदा वेळेवर लागला, राजवाडा खडखडीत कोरडा. गुणवंतरावही आता मला कप्तान म्हणतात, फक्त सामान न्यायला बैलबंडी सांगतात.

सांगू द्या त्यांना. डोंगे, बांबू, राजवाडा, सगळं जसंच्या तसं गाववाल्यांनी डोक्यावर घेऊन बांधावरून नेलं. आणि अभिमानाने सांगतो, डोक्यांवरसुद्धा माझी कॅटमरान जराही कलली नाही.