वाजतंय की ओ

आमच्या शेजारच्या बंडाअण्णांसमोर तोंड उघडायचं म्हणजे आपलीच चूक. तुम्ही काय बोलताय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून ते तुमच्या गळ्याकडं बघत राहतात आणि तुम्ही ऐन रंगात आलात की हात वर करतात.

"थांबा. वाजतंय की ओ."

काय वाजतंय? तर तुमचा आवाज. अण्णांच्या पुतण्याच्या लग्नात व्याही हात जोडून "काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या" म्हणत होते. अण्णा म्हणाले, "घिऊ की सांभाळून. पण पावणं, तुमच्या नाकात शिट्टी हाय." बिचाऱ्यांनी मुलीची पाठवणी होईपर्यंत रुमाल नाकाखालून काढला नाही.

अण्णांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. खाली पिठाची गिरणी, वर स्टुडिओ. त्यामुळं कोल्हापुरातल्या थोरामोठ्यांनासुद्धा गिरणीवाला दुपारी जेवून आडवा झाला की मगच गाता येतं. भिंतींना गाद्या ठोकल्यात, त्यातली एक आमच्या घरची आहे. भजनी मंडळं, निवडणुकीच्या रिक्षांची भाषणं, जाहिराती, सगळं तिथंच होतं. "दूऽऽध वाढवा" म्हणणारी पशुखाद्याच्या जाहिरातीतली बाई मीच. माइकसमोर मी "आले, गेले" म्हणते. जिना उतरले की बाकीच्या कोल्हापूरच्या बायकांसारखी "आलो, गेलतो".

अण्णांच्या स्टुडिओत गेलं की आधी पाणी. माइकशेजारी स्टूल, स्टुलावर पितळी तांब्या, तांब्यावर भांडं पालथं. हे तांब्याभांडं कोडोलीच्या आक्कांनी दिलेलं. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. "माणूस बोलून दमतंय, पाणी हाताशी पायजे," असं सांगून त्यांनी ते पहिल्या दिवशी तिथं ठेवलं, आणि त्याची जागा बदलायची कुणाची टाप नव्हती.

तर गेल्या वर्षी अण्णांना एका नव्या वेडानं गाठलं. आवाजातला एखादा सूर बाकीच्यांपेक्षा जास्त घुमतो, कानाला टोचतो. तो नेमका हेरून दाबून टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. त्याला प्लगिन म्हणतात. सगळ्यात नावाजलेलं जे आहे त्याची किंमत बघून अण्णांनी कॉम्प्युटरच बंद केला. "एवढ्यात दुभती म्हस येती," म्हणाले, "आणि ती निदान शेण तरी देती."

मग स्वस्तातल्यांचा शोध सुरू झाला. चार दिवस वापरून बघा, पटलं तर घ्या, असलं प्रत्येक प्लगिन अण्णांनी उतरवून घेतलं. मुलीला स्थळं बघताना केली नसेल एवढी चौकशी. एक फुकटातलं होतं, पण त्यातून माझा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. "ह्ये सासूवाणी हाय," अण्णा म्हणाले, "दिसलं की दाबतंय." दुसरं "लई मवाळ, शिट्टीलाच आवो-जावो करतंय." तिसऱ्याची गंमत अशी की पैसे भरेपर्यंत ते मधूनच सूंऽ असा आवाज सोडायचं. अण्णांच्या ते ध्यानात आलं नाही आणि जाहिरात तशीच गेली. आठवडाभर सगळ्या तालुक्यात मी "दूऽऽध वाढ-सूंऽ" म्हणत फिरत होते. भाजीवालीसुद्धा मला बघून सूं करायची.

"अण्णा, घ्या की त्यातलं एखादं," मी वैतागून म्हटलं. "उन्नीस-बीस सगळी सारखीच."

"न्हाय वैनी. आक्काच्या गाण्यातनं शिट्टी काढील त्येच घ्यायचं."

तेव्हा मला कळलं की प्रत्येक प्लगिनची परीक्षा एकाच गाण्यावर चाललीय.

अण्णांची आई ते रांगत असतानाच गेली. आक्कांनी वाढवलं त्यांना. आक्कांकडं घराण्यातला एक पाळणा आहे, तो त्यांनाच येतो आणि घरातलं प्रत्येक पोर त्यावरच झोपलंय. दिवाळीनंतर अण्णांनी हौसेनं आक्कांना स्टुडिओत बसवून तो पाळणा रेकॉर्ड केला. दोन कडवी झाली आणि या शहाण्यानं सवयीप्रमाणं हात वर केला. "थांब आक्का. वाजतंय की." आक्का थांबल्या. पाणी प्यायल्या, पदर सावरला आणि एसटीनं कोडोलीला गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं. देवळात नाही, शेतात नाही, कुठंच नाही. आता अण्णांच्या नातीचं बारसं तोंडावर आलं होतं आणि आक्कांचा निरोप आला होता, "येतो, पण म्हणायला सांगू नका. माझा आवाज फुटलाय." नातीच्या बारशाला मुकी पाळणादोरी ओढायची, या विचारानं अण्णांची झोप उडाली होती. शिट्टी काढून स्वच्छ केलेलं गाणं आक्कांना ऐकवायचं आणि त्यांना परत गातं करायचं, एवढ्यासाठी ही सगळी प्लगिनं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेकॉर्डिंगला गेले, तर अण्णा खुशीत होते. "वैनी, गावलं. स्वस्त हाय आणि कामाचं हाय. ह्यात एक बटण हाय बगा, दाबलं की नुसतं काढलेलं तेवढंच ऐकवतंय."

त्यांनी बटण दाबलं. आक्कांचा आवाज गेला. राहिली एक बारीक किणकिण. टिर्रर्र.

मी आयुष्यभर भांडी घासलीत. म्हटलं, "अण्णा, हे भांडं आहे."

"कसलं भांडं?"

"तुमच्या तांब्यावरचं."

अण्णा चिडले. "मी हयात घालवली ह्या धंद्यात." मी माइकसमोर बसून खणखणीत "दूऽऽध" म्हटलं. स्टुलावर टिर्रर्र. भांडं उचलून बाजूला ठेवलं, पुन्हा "दूऽऽध". काही नाही. भांडं परत पालथं घातलं, "दूऽऽध". टिर्रर्र.

अण्णा खाली गादीवर बसले. "म्हंजे वैनी, आजपतूर आल्याली समदी माणसं..."

"चांगल्या आवाजाची होती. तुमच्या कानातच ते भांडं जाऊन बसलंय. व्याह्यांचं नाक मात्र वाजतं हं, ते मी पण ऐकलंय."

अण्णा हसले नाहीत. तांब्याभांडं पिशवीत घातलं, स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "चला साक्षीला." कोडोलीपर्यंत मी मागं पिशवी पोटाशी धरून. प्रत्येक खड्ड्याला ते भांडं वाजत होतं आणि अण्णांची मान ताठ होत होती.

आक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. अण्णांनी त्यांच्यापुढं तांब्या ठेवला, त्यावर भांडं पालथं घातलं. "आक्का, शिट्टी तुझ्यात नव्हती. ह्यात हाय. चुकलं माझं."

सगळं ऐकून आक्का हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सुपातली एक शेंग फोडली, दाणे अण्णांच्या हातावर ठेवले. "गाव म्हणलं असतं तर गावाला शिव्या घातलो असतो," त्या म्हणाल्या. "पर तू म्हणलास. माझ्याच आवाजावर निजायचास रं तू. तुलाच टोचाय लागला म्हटल्यावर मी कुणासाठी म्हणू?"

आक्कांनी बारशाला गाणार की नाही ते काही सांगितलं नाही. तांब्याभांडं पिशवीत घालून आम्ही परत आलो.

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. पोर पाळण्यात घातलं, नाव कानात सांगून झालं, घुगऱ्याही वाटून झाल्या. दोरी आक्कांच्या हातात, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडाकडं. आक्का गप्प. कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर लावू का एखादा पाळणा? मला त्या बाईला बाहेर घालवावंसं वाटलं. आक्का अण्णांना शोधत होत्या.

अण्णा कोपऱ्यात पाण्याच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसले होते. आक्कांचा तो तांब्या त्यांनी मांडीवर घेतला होता आणि पालथं भांडं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं, अगदी दूध उतू जाईल म्हणून झाकण धरावं तसं. आक्कांनी ते बघितलं. त्यांच्या तोंडाला पदर गेला, खांदे हलले, आणि हसू ओसरल्यावर त्यांनी दोरी ओढली आणि पाळण्याचा सूर उचलला.

आवाज थकलेला होता. दुसऱ्या कडव्याला कापला, एका ठिकाणी श्वास पुरला नाही. मी अण्णांकडं बघत होते, आता हात वर होतो की काय. त्यांची मान वाकडी नव्हती. दोन्ही डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी खाली येत होतं, तेही पुसायला त्यांनी हात काढला नाही. पोर तिसऱ्या कडव्याला झोपलं. अण्णाही झोपलेत की काय अशी मला शंका आली.

पंगतीच्या वेळी मी त्यांना गाठलं. "अण्णा, आज खरं गाणं झालं. रेकॉर्ड केलंत ना?"

माइक पाळण्याच्या वरच टांगलेला होता, वायर जोडलेली होती, यंत्र त्यांच्या गुडघ्याशी होतं. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"हात मोकळा कुटं हुता वैनी," अण्णा म्हणाले आणि आक्कांच्या पानात जिलबी वाढायला गेले.