राउंडला मागून चालणारे ओव्हाळ सर

मुळशीकडच्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात राउंडला सगळ्यात मोठा डॉक्टर सगळ्यात मागे चालतो, तोही बीपीचं मशीन काखेत मारून. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे पाहून मी हादरलेच. इतर ठिकाणी राउंड म्हणजे मिरवणूक. पुढे साहेब, मागे हुद्द्याप्रमाणे शेपूट. इथे डॉ. ओव्हाळ मला म्हणाले, "तुमी व्हा म्होरं, मी हाय मागं."

एका आजीने त्यांना वॉर्डबॉयच समजलं. "आरं मामा, भांडं आन की!" सरांनी निमूट आणून दिलं.

माझं चुकलं तरी रोग्यासमोर ते बोलायचे नाहीत. चष्मा काढून पुसायचे. एकदा पुसला तर पुन्हा विचार करायचा, दोनदा पुसला तर आधी औषध थांबवायचं. पावसाळ्यात चष्म्याच्या काचांवर वाफ धरून सर सारखे पुसायला लागले तेव्हा मी चार धडधाकट माणसांचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं होतं.

मी निवासी डॉक्टरांच्या आंदोलनात पत्रकं लिहून तयार झालेली. सरांचं हे मागे राहणं मला सरळ सरळ कामचुकारपणा वाटला. त्यात सरांनी माझा शोधनिबंध हातात घेतला. भातलावणीनंतर लेप्टोचा, म्हणजे उंदरांमुळे चिखलातून होणारा ताप घेऊन येणाऱ्या रोग्यांवरचा. आठ महिने, दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, सात वेळा पुन्हा लिहायला लावला. माझी खात्रीच झाली की हा माणूस वर स्वतःचं नाव चढवणार. खपायचं कनिष्ठांनी आणि नाव साहेबांचं, ही लूट मी पुष्कळ पाहिली होती. मी 'मार्गदर्शक की मक्तेदार?' असं पत्रक लिहिलं आणि सूचनाफलकावर डकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यावर लाल पेन फिरलेला! 'निर्लज्ज' खोडलं होतं, 'रक्तपिपासू' खोडलं होतं. खाली सरांचं अक्षर : 'मुद्दा बरोबर. पुरावा जोडा.'

पुरावा आणायला मी तणतणत कार्यालयात गेले. तिथले कारकून शिंदेकाका हसायलाच लागले.

"कुणाचा पुरावा, म्याडम? सरांची प्राध्यापकाची बढती तीनदा माघारी आलीया. त्यांच्या सोताच्या नावावर एक निबंध कमी पडतोय. पुढच्या साली रिटायर हायेत. दुसऱ्यांचे किती नीट करून दिले, ते इचारा की!"

मी तशीच सरांच्या खोलीत घुसले. टेबलावर माझ्या निबंधाची शेवटची प्रत होती. सरांचं नाव कुठेच नव्हतं. वर नाही, खाली नाही.

"सर, तुमचं नाव?"

"रोगी कुणी तपासले?"

"मी. पण लिहायला शिकवलं तुम्ही!"

"ते पगारात हाय."

"अहो, बढती जाईल तुमची!" मी ओरडलेच.

सरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

"माजा पयला निबंध छापून आला तवा वडलांकडं घिऊन गेलो. दुसऱ्याच्या रानात राबणारा मानूस. माज्या नावाची इंग्रजी अक्षरं तेवढी शिकून घेतलेली. पानभर बोट फिरवलं. म्हनले, तुजं नाव कुटं हाय? नव्हतंच. साहेबांचं हुतं. मी म्हनलं, पुढच्या बारीला यील." सरांनी चष्मा परत चढवला. "पुढच्या बारीला वडीलच न्हवते."

पत्रक मी त्याच दिवशी फाडलं. निबंध छापायला पाठवताना सरांना न विचारता शेवटी त्यांच्या नावाने आभाराची एक ओळ घातली. आभारावर बढती मिळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. ती मिळालीही नाही.

अंक आला. मी निबंधाचं शेवटचं पान उघडून सरांच्या पुढ्यात ठेवलं. सरांनी आपल्या नावाखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर सावकाश ओलांडत गेले, नुकतंच वाचायला शिकल्यासारखे. बोट शेवटच्या अक्षरावर बराच वेळ टेकून राहिलं.

मग अंक मिटून माझ्या हातात दिला. "आधी घरी दावा," म्हणाले आणि बीपीचं मशीन काखेत मारलं. "चला, राउंडची येळ झाली. तुमी व्हा म्होरं."