तात्यांची तक्रार

बासष्ट वर्षांचा बाप्या माणूस भरसंध्याकाळी तुमच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "सूनबाई, तुमची पोरगी रडीचा डाव खेळते!" आता सांगा, तुम्ही काय कराल? पोरगी सहा वर्षांची! मी तर पहिल्या दिवशी हातातलं लाटणं तसंच धरून बाहेर गेले होते.

हे आमचे शेजारी तात्या. धसईत बाजाराच्या मागच्या आळीत आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. थोडी भातशेती, परसात भेंडी-गवार, बायको जाऊन चार वर्षं झालेली. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सागरगोटे हातात आले की अंगात येतं माणसाच्या.

माझ्या आर्वीशी ते रोज खेळतात आणि रोज भांडतात. "दुसरा गोटा हलला गो, हलला! मी काय आंधळा नाय!" ती म्हणणार, "नाही हलला." मग दोघं ओट्यावर पाठीला पाठ लावून फुगून बसणार. अहो, लेकरू आहे, एखादा डाव सोडावा की नाही? छे! "आमी नाय सोडत. सोडलेला डाव म्हंजे भीक!" परवा तिला सलग तीनदा हरवलं आणि वर अंगणभर लंगडी घालत नाचले. गुडघे दुखतात म्हणून आदल्याच दिवशी माझ्याकडून मलम नेलं होतं.

खरं सांगू का, माझा संताप वेगळाच होता. मुरबाडहून कामावरून एसटीने घरी येते, अंग नुसतं आंबलेलं असतं. तरी पोरीसाठी भातुकली आणली, शेजारी बसते, मुद्दाम हरतेसुद्धा. आणि ही बया दहा मिनिटांत चपला घालून तात्यांकडे पळते. जिथे हरवतात, रडवतात, तिथे! शेवटी एका शनिवारी दंड धरून विचारलं, "माझ्याशी का नाही खेळत गं?"

"मी फसवलं तरी तुला कळतच नाही," ती म्हणाली. "तात्यांना लगेच कळतं."

माझ्या हातात तेव्हाही मोबाईल होता. पण मला राग आला तो तात्यांचा.

दुसऱ्या दिवशी रविवार. आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून पदर खोचून गेले. आर्वी माझ्या मागोमाग. बघते तर तात्यांची लेक सुमन कल्याणहून आलेली, वर्षातून एखाद्या वेळी येते तशी. ओट्यावर बसून मोबाईल चाळत होती. तात्या तिच्यापुढे उकिडवे बसले होते. पाच सागरगोटे मांडून म्हणत होते, "सुमे, एक डाव खेळ ना गो. एकच."

तिने मान वर न करता सांगितलं, "तूच जिंकलास, बाबा. जा आता." आणि चार्जर शोधायला आत निघून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या बापाशी असं बोलतात? मी तिच्या मागे जाणार, तोच तात्यांनी हात आडवा घातला.

"तिला काय बोलू नका, सूनबाई. हे माझंच बोलणं हाय. ही एवढीशी होती, गोटे घेऊन दारात उभी राहायची. मी शेतावरून दमून आलेला. 'तूच जिंकलीस, जा आता.' रोज हेच बोलायचो. मग एक दिवस यायचीच थांबली. मला तर महिनाभर कळलं पण नाय."

भांडायला गेलेली मी, खोचलेला पदर सोडवला. आर्वी हात ओढत होती. मोबाईल बंद केला आणि तिच्यासमोर खाली मातीत बसले. पहिल्याच डावात तिची लबाडी दिसली आणि मी ती पकडली. केवढी खूश झाली पोरगी! माझ्या मांडीवर चढून कचाकचा भांडायला लागली.

तात्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. ते आतल्या दाराकडे बघत होते, सुमन चार्जर घेऊन बाहेर येते का म्हणून.