मनोहरकाकांच्या चिपची घंटी

मे महिन्यात आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात माणसं कूलरसमोर बसतात. शेजारच्या मनोहरकाकांकडे कूलरसमोर व्हिडिओ गेम बसतो. काका बाजूला, बनियनवर, घामाने चिंब. घरातला एकुलता एक स्टॅबिलायझरही त्या जुन्या काळ्या डब्यालाच.

"काका, काहून हो जिवाला त्रास?"

"मले काही होत नाही. चिपले गरम होते."

चिप म्हणजे डब्यातली आवाजाची चिप. तिच्यात गाणं भरलेलं नसतं. एक लहर दुसरीला हलवते आणि सूर तिथल्या तिथे तयार होतो, हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून काका येता-जाता ऐकवतात. मी तेच संगीत मोबाईलवर लावून दिलं तर म्हणाले, "हा फोटू झाला, पोट्टे. डब्यात जित्तं आहे."

खेळायच्या मात्र काकू. काका नुसते बघायचे. टप्पा पार झाला की डबा बारीक घंटी वाजवायचा, मग काकू उठून कुकर लावायच्या. घंटी नाही तर भात नाही! काका भुकेने कासावीस, तरी "खेळ, खेळ" म्हणायचे. मागच्या वर्षी काकू गेल्या. आता काका स्वतःच खेळतात; पहिला टप्पा कसाबसा पार होतो.

या उन्हाळ्यात त्यांनी धसकाच घेतला. संध्याकाळ झाली की भिंतीवर थाप. "ये लवकर! घंटी गेली वाटते!" मी तव्यावरची पोळी टाकून धावायची. काका माझ्यासमोर पहिला टप्पा पार करायचे आणि घंटी स्वच्छ वाजायची. "वाजली, काका." "पक्कं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा थाप. हळूहळू मलाही धास्ती लागली. खरंच चिप जळली, तर या माणसाचं काय होईल?

काल घंटी वाजत असतानाच काकांनी माझ्याकडे बघत विचारलं, "वाजली का?"

चिप ठणठणीत होती, काकांचा कान गेला होता. हे सांगायचं कसं?

"काका, चिप बरोबर आहे, पण..."

"हव, माहीत आहे. डॉक्टर बोलला मले. बारीक आवाज नाही येत आता."

मग मात्र मी भडकले. "अहो, मग मला रोज काहून पळवून राहिले? माझ्या पोळ्या जळतात!"

काका ओशाळले. "तुले ऐकू आली की तुझ्या तोंडावर दिसते न. मंग मी कुकर लावतो."

आज भिंतीवर थाप पडली नाही. मी वाट पाहिली, कणीक झाकली, गॅस बंद केला आणि गेले. काका डब्यासमोर नुसतेच बसले होते.

"खेळा काका," म्हटलं, "मी ऐकून राहिले."