शंभरावी सीट

रशीदचाचा माणसं मोजतात. लग्नात, मयतीत, किराणा दुकानासमोर, कुठंही चार डोकी दिसली की त्यांच्या उजव्या हाताचं बोट हवेत उडायला लागतं. मागं आमच्या गल्लीतल्या साखरपुड्यात गुरुजी सुरुवात करणार, तेवढ्यात चाचा मागून ओरडले, "एकसष्ट! मघाशी बासष्ट होते. नवरदेवाचा मामा कुठाय?" मामा बाथरूममध्ये होता आणि बाहेरून कुणीतरी कडी लावली होती. चाचा नसते तर तो बिचारा थेट लग्नालाच बाहेर आला असता.

वाळूजच्या एका कंपनीची शिफ्टबस चाचांनी आयुष्यभर चालवली. रिटायर झाले, पण माणूस त्यांच्या लेखी अजून 'सीट'च आहे. "शिंदेसीट आज नाईटला हाय, त्याचं दार वाजवू नको," असं ते मला बजावतात. कॉलनीतल्या दीडशे घरांत कोण कोणत्या शिफ्टला, हे कंपन्यांपेक्षा त्यांना जास्त पाठ आहे. आणि बोलण्यात ठरलेलं एक वाक्य: "गाडी भरल्याशिवाय हलायची नाय."

ही गाडी म्हणजे आमची ग्रामसभा.

शहर आमच्यापर्यंत येऊन पोचलंय, पण महापालिकेची हद्द आमच्या अलीकडंच संपते. त्यामुळं आमचा कारभार ग्रामपंचायतीकडं. तिथं 'तहकूब' नावाचा एक शब्द आहे, त्याचा मला भयंकर राग आहे. ग्रामसभेला शंभर मतदार लागतात. नाही आले तर सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही! म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा ठेवायची, बारा टाळकी जमवायची, तहकूब करायची आणि पुढच्या आठवड्यात त्याच बारा टाळक्यांनी सगळं मंजूर करायचं. सगळं कायद्यात बसतं. लोक घरात बसतात, म्हणून हे बसतं.

या वेळी विषय होता आमच्या खुल्या जागेचा. कॉलनीत मोकळी म्हणावी अशी ती एकच जागा. पोरं तिथं खेळतात, बाया संध्याकाळी बसतात, मांडव तिथंच पडतो. तिच्यावर दुकानांचे गाळे बांधायचा सरपंचाचा ठराव येणार होता.

मी पत्रक लिहिलं. 'नागरिकांनो, लोकशाहीचा गळा घोटला जात आहे!' अशी सुरुवात केली. चाचांनी चष्मा लावून वाचलं.

"गळा कुणाचा म्हनलीस?"

"लोकशाहीचा, चाचा."

"बरं. अन् सभा किती वाजता हाय?"

ते लिहायचं राहिलं होतं.

"अगं बेटी, बसवर कुठं लिवलेलं असतं का, उठा कामगारांनो म्हणून? टायम असतो अन् ठिकाण असतं." त्यांनी माझी क्रांती खोडली, वेळ आणि ठिकाण टाकलं आणि खाली लिहिलं, 'फर्स्ट शिफ्टवाल्यांनी जेवून यावे. लेकरं आणली तरी चालतील.'

सभा रविवारी दुपारी घ्यायला चाचांनीच ग्रामसेवकांना भाग पाडलं होतं. रोज जाऊन त्यांच्यासमोर बसायचे आणि ऑफिसातली माणसं मोजायचे. चौथ्या दिवशी ग्रामसेवक हात जोडून म्हणाले, "रविवार घ्या चाचा, पण ते बोट खाली घ्या."

त्या रविवारी चाचा गळ्यात शिट्टी अडकवून दारोदार फिरले. "चलो चलो, अकरा सीट बाकी!" गायकवाडमावशी कणीक मळत होत्या, त्यांना तशाच हातांनी उठवलं. मावशी वाटभर करवादल्या, "मेल्या, पोळ्या कोण तुझा सरपंच लाटणार व्हय?" पण आल्या.

शाळेच्या पटांगणात चाचांचं बोट फिरायला लागलं. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. मावशी नव्व्याण्णव. शिट्टी वाजवून पाहिली, गल्लीत माणूस पाठवला. येईल असं कुणी उरलं नव्हतं.

ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं, मग चाचांकडं बघून हसले. "तुम्ही धरून शंभर की! झाला कोरम. बसा चाचा."

टाळ्या पडल्या. चाचा मात्र बसेनात. बोट तसंच हवेत.

"मला धरू नका," ते म्हणाले. "माझं नाव इथल्या यादीत नाय. गावाकडं, सिल्लोडला हाय."

"अहो, गप बसा ना! कोण बघतंय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"बिगर पासचा माणूस मी गाडीत कधी घेतला नाय. सोताला कसा घेऊ?"

सभा तहकूब झाली. सरपंचाची माणसं गालात हसत पांगली. मी चाचांवर एवढी चिडले, की त्यांना तिथंच सोडून घरी निघून आले.

पण चिडलेली मी एकटी नव्हते. पुढच्या रविवारी, ज्या सभेला कुणीच लागत नव्हतं, त्या सभेला पटांगण कमी पडलं. गायकवाडमावशी पोळ्या उरकून, नवऱ्याला घेऊन आल्या. गाळ्यांच्या बाजूनं नऊ हात वर झाले. विरोधातले हात मोजायची कुणाला गरज वाटली नाही. जागा राहिली. चाचा तेवढा वेळ फाटकाबाहेर चपलांजवळ उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. हातात सिल्लोडच्या मतदारयादीचं घडी पडून मऊ झालेलं पान होतं.

"माझं नाव इकडं आण."

"इतकी वर्षं इथं राहता, आधी का नाही आणलंत?"

त्यांनी पान माझ्यासमोर सरकवलं. शेख रशीद. त्याच्या खाली, त्याच घरनंबरावर, शेख जुबेदा. पतीचे नाव: शेख रशीद.

चाचींना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"तिचं नाव कुणी काढलंच नाय. मी बी सांगितलं नाय," चाचा म्हणाले. "सरकारच्या कागदावर आमी दोघं अजून एका घरात राहतो."

मी नाव हलवायचा फॉर्म भरला. त्यांनी सही केली. मग मी जरा घुटमळत म्हटलं, "चाचींचं नाव काढायचा फॉर्म वेगळा असतो."

"तो बी दे. पण तो मी भरतो. तुझं अक्षर लई घाईचं हाय."

त्यांनी एकेक अक्षर कोरत चाचींचं नाव लिहिलं. नाव वगळण्याच्या कारणापाशी येऊन पेन थांबलं.

"इथं काय लिवू?"

"लिहायचं नाही चाचा. त्या चौकोनात नुसती खूण करायची."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.